लष्कराच्या घरचा चहा

गेली कित्येक वर्षं कराडला माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, फ्रीज, मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह घेणाऱ्या प्रत्येकीला मी खोकं बांधण्याआधी एक वाक्य ऐकवतो, "वहिनी, यात स्टीलचं भांडं घालायचं नाही हं. चुकूनसुद्धा नाही." हे मी इतक्या वेळा बोललोय की समोरचा पानवाला माझ्या आवाजात त्याची नक्कल करतो. आणि त्याच मी, अमेरिकेत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लेकीच्या घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा झाकणासकट ठेवला आणि बटण दाबलं.

माझ्या बचावात सांगण्यासारखं थोडंच आहे. आमच्या स्वतःच्या घरी मायक्रोवेव्ह नाही. "शिळं गरम करायला यंत्र कशाला? ताजं करते ना मी," असं म्हणून शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्यामुळे माझं ज्ञान सगळं तोंडी. शिवाय झोप. शरीर न्यू जर्सीत पोचलं होतं, डोकं अजून कराडच्या स्टँडवर बॅगा मोजत होतं.

आत आधी एक निळी ठिणगी उडाली. मग भुईनळा लागल्यासारखा तडतडाट झाला. पोळ्यांभोवती शैलानं कागद गुंडाळला होता, त्यानं पेट घेतला. मी बटण बंद केलं आणि धूर जायला म्हणून आपल्याकडे करतात तेच केलं, घराचं पुढचं दार सताड उघडलं. अमेरिकेत नेमकं हेच करायचं नसतं. खिडकी उघडायची असते. घरातला भोंगा फक्त घरापुरता ओरडतो, पण बाहेरच्या बोळातला भोंगा सगळ्या इमारतीसाठी असतो, आणि त्याला मी माझा सगळा धूर आपल्या हातानं नेऊन दिला.

थोड्याच वेळात अख्खी इमारत खाली पार्किंगमध्ये उभी होती. एक तेलुगू कुटुंब, सपाता घातलेली एक चिनी आजी, दात घासता घासता आलेला एक तरुण, आणि पायजमा-बनियानवर बायकोची शाल पांघरलेला मी. एप्रिल होता, पण थंडी आपल्या पौषातली. बंबही आला. माझ्या लेकीची, मुक्ताची, रूममेट ऋतुजा नागपूरची आहे, तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, "काका, तुमचं तर ह्याचंच दुकान आहे ना हो?"

एक दांडगा अग्निशामक जवान जाडजूड हातमोज्यात आमचा डबा धरून बाहेर आला. झाकणावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. शैला हिस मामाकडून सप्रेम.' त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, यावर काही धोक्याची सूचना लिहिली आहे का?

"नो नो," ऋतुजा म्हणाली, "इट्स अ वेडिंग गिफ्ट."

"ओ! काँग्रॅच्युलेशन्स," तो माझ्याशी हात मिळवत म्हणाला. ना रागावला, ना दंडाचं बोलला. उलट जाताना सांगून गेला की असं होतं, वर्षभर होतच असतं. असा मी एकटाच नाही हे कळून फार बरं वाटलं. चिनी आजीनं मात्र पुढे भेटेल तेव्हा मला बोट दाखवून नातवाला काहीतरी सांगायचा नेम ठेवला.

वर आलो. मुक्ता मायक्रोवेव्ह पुसत होती. माझी ही एकुलती एक मुलगी. पुण्यात शिकून इथे संशोधनाला आली, आता तिची पीएच.डी. संपत आली आहे. ती संपण्याआधी तिचं इथलं जग बघावं म्हणून आम्ही आलो होतो.

"बाबा, हे यंत्र चिडणारच," ती हसत म्हणाली. "मूळचं फौजी आहे ते. ह्याच्यात जी नळी असते ना, ती रडारची. शत्रूची विमानं शोधायला युद्धात त्यावर पैसा ओतला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या लहरींनी खिशातलं चॉकलेट वितळतंय. आपलं सगळं असंच आलंय. लष्कराचा पैसा..."

आणि ती एकदम थांबली. आईकडे चोरून पाहिलं, आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा घासायला लागली. बाप म्हणून मला ती काच घासणं ओळखता येतं. दहावीत गणिताचा पेपर वाईट गेला तेव्हा तिनं सायकल अशीच घासली होती.

संध्याकाळपर्यंत बाहेर आलं. पीएच.डी. नंतर तिच्या मॅडमनी तिला त्यांच्याच प्रयोगशाळेत ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. तीन वर्षांची नेमणूक, तिच्याच आवडीचं काम. फक्त त्या कामाचा पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून येणार होता. हो की नाही, हे तिला शुक्रवारी सांगायचं होतं.

"मी हो म्हणणार आहे," मुक्ता म्हणाली. "पण आई, तू आधी लॅब बघ. मग बोल."

लष्कराचा पैसा शैलाला पटणारा नव्हता. तिनं जळक्या डब्याला राख लावायला घेतली असती, पण इथे राख कुठून आणणार? त्यामुळे ती तो नुसताच घासत बसली, आणि ते जास्त वाईट.

प्रयोगशाळा

मुक्ता राहते त्या वेस्ट विंडसरहून प्रयोगशाळेचा रस्ता मोठा देखणा आहे. दुतर्फा झाडं, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली, पान एक नाही. प्रत्येक घरापुढे हिरवळ, आणि त्या हिरवळीवर माणूस कुणी दिसेल तर शपथ. आपल्याकडे एवढी जागा असती तर पापड वाळत घातले असते, निदान दोन खाटा टाकल्या असत्या. इथे हरणं येऊन चरून जातात, आणि त्यांना कुणी हाकलत नाही.

मुक्ताच्या मॅडमचं नाव हेलन. साठीच्या, उंच, पायात पळायचे बूट. आम्ही येणार म्हणून दारात उभ्या होत्या. आपल्याकडे विद्यापीठातला प्राध्यापक विद्यार्थिनीच्या आईबापांसाठी दारात उभा राहिलेला मी पाहिलेला नाही, म्हणून मी त्यांना उगाच दोनदा नमस्कार केला.

मुक्ताचं काम असं. एक पट्टी, दिसायला आपल्या साध्या गॉझसारखीच. तिला कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेली एक पूड लावलेली असते. वाहत्या जखमेत ती कोंबून दाबली की रक्त लवकर गोठतं. अशा पट्ट्या सैन्यात आधीपासून वापरतात, मुक्ता त्यापुढची बनवते आहे, जास्त खोल आणि जास्त ओल्या जागी धरणारी.

"म्हणजे हे सामिष आहे," शैला माझ्या कानात म्हणाली.

"खायची नाहीये," मी म्हणालो.

मुक्तानं करून दाखवलं. खाटिकखान्यातून आणलेलं रक्त एका नळीतून वाहत होतं, तिनं पट्टी दाबली, आणि थोड्या वेळानं धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. मी तोंड फिरवलं होतं. शैलानं नाही. ती टेबलाच्या अगदी जवळ जाऊन बघत होती, आणि तिचा हात तिच्याच पोटावर होता. मुक्ता हातमोजे काढताना आईकडे बघत होती, कौतुकाचा एक शब्द येईल म्हणून.

मग हेलनबाईंनी आम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं. आमच्यासाठी म्हणून भारतीय दुकानातून मसाला चहाच्या पुड्या आणल्या होत्या. कागदी पेल्यांत पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, मी आपला भिंतीला टेकून सुरक्षित अंतरावर. पहिला पेला त्यांनी शैलापुढे धरला.

शैला हात जोडून म्हणाली, "थँक यू. टुडे आय हॅव फास्ट."

हेलनबाई ओशाळल्या. मला ठाऊक नव्हतं, माफ करा म्हणाल्या, आणि अगदी अदबीनं पेला उचलून नेला. मुक्ताचा चेहरा मात्र पांढरा पडला.

कारण शैला कुठलाच वार करत नाही. संकष्टी नाही, एकादशी नाही. हा उपास तिच्या वडिलांचा होता.

माझे सासरे, अण्णा, पाटणच्या बाजूच्या एका गावात शाळामास्तर होते. खादीचा सदरा, स्वतः धुतलेला. गावात एक दारूचा ठेकेदार होता, त्याची मुलं अण्णांच्या वर्गात. अण्णा त्या मुलांना मनापासून शिकवायचे, घरी जाऊन शिकवायचे. पण ठेकेदाराच्या बायकोनं चहा आणला की म्हणायचे, "आज उपास आहे, वहिनी." पाणीसुद्धा नाही. पैसा कुठून आलाय हे पटत नसेल तर त्या घरचं काही घ्यायचं नाही, आणि तसं तोंडावर बोलून घरच्या बाईला दुखवायचंही नाही, हा त्यांचा नियम. गावात सगळ्यांना कळायचं. 'अण्णांचा उपास' हा शब्दच झाला होता. अण्णांनी कुणाकडे उपास केला, म्हणजे त्या घराची परीक्षा झाली आणि ते नापास झालं.

मुक्ता अण्णांच्या मांडीवर वाढली. तिला हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

परतताना गाडीत बोलत होती ती फक्त फोनमधली बाई. डावीकडे वळा, सरळ जा. घर आल्यावर मुक्तानं गाडी बंद केली, किल्ली काढली नाही, आणि समोर बघत म्हणाली,

"आई, तू माझ्याकडे अण्णांचा उपास केलास?"

"तुझ्याकडे नाही गं. त्या पैशाकडे."

"तिथे मी काम करते. ते माझं घर आहे."

जेवणाचं टेबल

त्या संध्याकाळी ऋतुजानं वांग्याचं भरीत केलं होतं, नागपुरी, झणझणीत. भांडणाला असं जेवण फार उपयोगी पडतं. डोळ्यातलं पाणी कशाचं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"सैनिकाला रक्त नसतं का, आई?" मुक्ता म्हणाली.

"असतं. पण बरा करून परत पाठवतील ना त्याला? आणि तेच लोक दुसऱ्या टेबलावर बॉम्बला पैसे देतात."

"देतात. मी त्या टेबलावर बसत नाही. आमचं सगळं खुलं आहे, छापलं जाणार आहे, कुणीही वाचावं."

इथे मी तोंड घातलं. माझी समजूत अशी की मी शांतता करतो. शैलाची समजूत अशी की मी फोडणी देतो. मी म्हणालो, "शैला, हे बघ. आज गाडीतली बाई आपल्याला रस्ता सांगत होती. ती बाई आकाशातल्या ज्या उपग्रहांना विचारते, ते लष्करानं वर सोडलेत. दर रविवारी आपण मुक्ताशी व्हिडिओ कॉल करतो, त्या इंटरनेटचा मूळपुरुष संरक्षण खात्याच्या पैशावर वाढला. माझ्या दुकानातली निम्मी फळी शोधली तर कुठल्या ना कुठल्या छावणीतून आलेली निघेल. म्हणजे आपण रोज त्यांच्याच पंगतीला जेवतोय. फक्त चहाला नाही म्हणतोय."

"मग?" शैला म्हणाली. "एवढी अक्कल आहे लोकांना, एवढा पैसा आहे, तर तो सरळ का नाही येत? आधी माणसं मारायची तयारी, आणि मग उरलंसुरलं आमच्या स्वयंपाकघरात. बायकांसाठी म्हणून, पोरांसाठी म्हणून कुणी का नाही देत पहिल्यापासून?"

मी भरताचा एक मोठा घास घेतला. माझ्या फळीवरच्या वस्तूंची यादी मी तिला कितीही ऐकवली असती तरी हा प्रश्न त्या यादीहून उंच उभा होता.

मुक्ता ताटाकडे बघत बोलली. "मागितला होता, आई. मी आणि मॅडमनी आधी बाळंतिणींसाठी म्हणूनच मागितला होता. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, त्यासाठीची पट्टी. नाही मिळाला. पुन्हा मागितला. तेव्हाही नाही. मग तीच पट्टी सैनिकांसाठी म्हणून मांडली. लगेच मिळाला."

ऋतुजा हळूच उठली आणि पोळ्या गरम करायला गेली. पोळ्या गरमच होत्या.

बाळंतपणाचा विषय आमच्या घरात का थांबतो, ते सांगायला हवं. मुक्ता शैलाच्या माहेरी झाली, पहिलं बाळंतपण म्हणून. तिथल्या लहानशा दवाखान्यात. मूल झालं आणि शैलाचं रक्त थांबेना. दवाखान्यात रक्त नव्हतं, ते कराडहून आणायचं होतं, घाटरस्त्यानं. ते आलं, शैला वाचली, आणि नंतर त्या दिवसाबद्दल तिनं एक अक्षरही काढलं नाही. मुक्तानं हाच विषय का निवडला, हे मी कधी विचारलं नाही. शैलानंही नाही.

समुद्राकाठचं गाव

गुरुवारी समुद्राकडे जायचं आधीच ठरलं होतं. तिथे एका जुन्या लष्करी तळाचं संग्रहालय केलंय, रडारवर काम चालायचं तिथे. माझाच हट्ट होता. इतकी वर्षं ज्याचं नातवंड विकतोय, त्या आजोबांना एकदा भेटावं म्हणून.

गाडीतून उतरताना मुक्तानं फोन बघून सांगितलं, "बाबा, छत्री घ्या. ढग आलाय, पाऊस येतोय." मी वर पाहिलं. लख्ख ऊन. "ढग मला कळतात," मी म्हणालो, "कोयनेच्या खोऱ्यातला आहे मी." आणि समुद्र बघायला पुढे गेलो. पाऊस फोननं सांगितला तसाच आला, नुसता माझ्यासाठी आल्यासारखा. हवामानखात्याचं रडार आज ढग शोधतं ते कधीकाळी विमानं शोधायला शिकलं म्हणूनच, हे मला नखशिखांत भिजल्यावर पटलं.

संग्रहालयात बिल नावाचे एक गृहस्थ होते. तरुणपणी सैन्यात, एका लढाईत मांडीला जखम झालेली, चालताना एक पाय मागे राहतो. आता आठवड्यातून काही दिवस येऊन लोकांना माहिती सांगतात. मला कुडकुडताना बघून त्यांनी आतून आपला एक जाड, राखाडी स्वेटशर्ट आणून दिला. मी तो घातला आणि बाहेर आलो. शैलानं माझ्या छातीकडे पाहिलं. तिथे हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'आर्मी.'

गेले दोन दिवस न हसलेली माझी बायको भिंतीला टेकून इतकी हसली की बिलही हसायला लागले. "अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला घेतलं कुणी सैन्यात? तुम्हाला एक डबा सांभाळता येत नाही."

बिलनी आम्हाला सगळं दाखवलं, जाळीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या, काचेच्या नळ्या. याच तळावरून चंद्रावर लहरी आपटून परत आणल्या होत्या, हे सांगताना त्यांना घरच्या मुलाचा पराक्रम सांगितल्यासारखा आनंद झाला. पण लढाईचं त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. मुक्तानं आपलं काम सांगितलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. त्या लढाईत त्यांच्याबरोबर डॅनी नावाचा मित्र होता. त्याचं रक्त थांबलं नाही. पट्टी होती, पण पाकीट फाडता फाडता उशीर झाला.

"एक विचारू?" ते मुक्ताला म्हणाले. "तुझ्या पट्टीचं पाकीट थरथरत्या हातांनी फाडता येतं का?"

मुक्ता म्हणाली, "अजून नीट नाही. त्यावरच काम करायचं आहे."

"ते आधी कर," बिल म्हणाले. "सगळ्यांचे हात थरथरतात."

शैला इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली. इंग्रजी तिला समजतं सगळं, पण बोलताना ती प्रत्येक शब्द तपासून घेते, मास्तरांची मुलगी. या वेळी तपासलं नाही. "नर्स," ती म्हणाली. "माय नर्स. हर हँड ऑल्सो." आणि आपला हात हवेत धरून तो थरथरवून दाखवला.

मग ती मराठीत वळली, मुक्ताकडे बघून बोलायला लागली. "वीस-बावीस वर्षांची पोरगी होती गं. एकटीच होती त्या खोलीत. कापड दाबत होती आणि तिचे हात असे, असे होत होते. मला वाटलं, हिलाच कुणीतरी धरायला हवं. मी तिला म्हणत होते, घाबरू नको, घाबरू नको. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं गं. नुसतं कापड."

मी दाराबाहेर होतो तेव्हा. हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, समुद्रापलीकडच्या एका लष्करी तळावर 'आर्मी' लिहिलेला सदरा घालून कळत होतं.

बाहेर अंगणात एक जुनी लष्करी जीप ठेवली होती, पावसानं धुतलेली. शैला तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"अशीच होती," ती म्हणाली. "तुझ्या वेळी रक्त आणलं ती. कुणाची होती, ठाऊक आहे?"

मुक्तानं नकारार्थी मान हलवली.

"ठेकेदाराची. गावात दुसरी गाडीच नव्हती त्या वेळी. अण्णा स्वतः त्याच्या दारात गेले. ज्या दारात कधी पाणी प्यायले नाहीत, त्या दारात उभे राहून म्हणाले, गाडी द्या. त्यानं किल्लीसुद्धा त्यांच्या हातात दिली नाही, स्वतः चालवायला बसला. सगळा घाट."

"मग? नंतर अण्णा त्यांच्याकडे चहा घ्यायला लागले?"

"नाही," शैला म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात गेले आभार मानायला. त्याच्या बायकोनं चहा आणला. अण्णा म्हणाले, आज उपास आहे. मी तेव्हा अंथरुणावरच होते. आईनं सांगितलं मला. आणि हेही सांगितलं की त्या बाईनं काही न बोलता कप उचलून नेला. जशी परवा तुझी मॅडम घेऊन गेली."

आम्ही तिघं तिथे उभे होतो. मी त्या जीपला, त्या ठेकेदाराला, घाटातल्या प्रत्येक वळणाला मनातल्या मनात हात जोडले. बाप माणूस दुसरं काय करणार?

शुक्रवार

सकाळी शैलानं मुक्ताला विचारलं, "आज तुझ्या मॅडम असतील?" मग तिनं उरलेल्या पुरणपोळ्या बाहेर काढल्या. कागदात गुंडाळलेल्या त्या डब्यातल्या तेवढ्या माझ्या आगीत गेल्या होत्या, बाकीच्या दुसऱ्या डब्यात सुखरूप होत्या. त्या तिनं तव्यावर गरम केल्या, प्लास्टिकच्या डब्यात भरल्या आणि तो डबा माझ्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर ठेवून गाडीत बसली.

हेलनबाईंना आश्चर्य वाटलं. शैला टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आय हॅव वन क्वेश्चन." पुढचं मराठीत, ते मुक्तानं इंग्रजीत सांगायचं. "सैनिक वाचावेत. सगळे वाचावेत. पण ही पट्टी आमच्याकडच्या बाईपर्यंत केव्हा पोचेल?"

हेलनबाईंनी गोड खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पैसा ज्याचा, आधी काम त्याचं. पण जे शिकू ते सगळं छापू. आणि मुक्तानं योजनेच्या शेवटी बाळंतपणाचा भाग घातलाय, मी तो काढू देणार नाही."

"शेवटी का?" शैला म्हणाली.

मुक्ता हे भाषांतर करायला कचरली. पण हेलनबाईंना चेहऱ्यावरूनच कळलं असावं. त्यांनी थोडा विचार केला. "पाकिटाचं काम आणि तो भाग, दोन्ही पहिल्या वर्षातच एकत्र सुरू करता येतील," त्या मुक्ताला म्हणाल्या. "थरथरता हात दोन्हीकडे सारखाच. मांडून बघ. मी भांडेन त्यासाठी."

मग शैलानं पदर सारखा केला, मान वर केली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "टी, प्लीज."

हेलनबाई उठल्या. कागदी पेला, पाणी, मायक्रोवेव्ह, त्यावर ती पुडी. दूध म्हणून कसलीशी पूड. मी आयुष्यात जे वाईट चहा प्यायलोय त्यात हा बराच वरचा होता. माझ्या पेल्यातला निम्मा मी तसाच ठेवला. शैलानं आपला शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, पेला पालथा करून दाखवल्यासारखा टेबलावर ठेवला, आणि मग डबा उघडून पुरणपोळी हेलनबाईंच्या पुढे सरकवली. त्यांनी ती घडी घालून सँडविचसारखी खाल्ली आणि डोळे मिटले.

मुक्ता हात धुवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नाक लाल होतं. तिनं हेलनबाईंना सांगितलं, "माझं हो आहे."

घरी

आता कराडला परत येऊन बरेच दिवस झाले. तो डबा आम्ही परत आणलाय, आतून काळा पडलेला. मामाचं नाव मात्र झाकणावर शाबूत आहे. बिलनी सदरा परत घेतला नाही, तो मी दुकानात थंडीत घालतो, त्यामुळे गिऱ्हाइकं घासाघीस जरा कमी करतात. मायक्रोवेव्ह विकताना मी अजून तेच वाक्य म्हणतो, पण आता त्यापुढे "मी करून बघितलंय" एवढं जोडतो आणि लोक ऐकतात.

रविवारी मुक्ताचा फोन येतो. पाकीट आता एका हातानं फाडता येतं, म्हणाली. हेलनबाई त्या दुसऱ्या भागासाठी अजून भांडत आहेत. फोन ठेवल्यावर मी आणि शैला ओट्याशी चहा घेत उभे होतो. माझ्या मनात कधीचं होतं, ते मी विचारून टाकलं. "शैला, अण्णा असते तर त्यांनी तिथे चहा घेतला असता का गं?"

"नसता घेतला," ती लगेच म्हणाली. "त्यांनी जीप घेतली, तरी चहा नाही घेतला. तिथे काय घेणार?"

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला, विसळला, पालथा घातला.

"पण अण्णा कधी बाळंत झाले नव्हते," ती म्हणाली.